यादीवर कुणी आहे का

३ सप्टेंबर, सोमवार

नवी नोकरी आणि नवी वही, दोन्ही एकदम. वही ताईने दिली. म्हणाली, तू बोलतेस फार आणि विसरतेस त्याहून जास्त, तेव्हा लिहीत जा.

विद्यापीठाने मला वर्षभरासाठी घेतलंय. काम असं: वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्यांची ईमेलवर एक चर्चायादी होती. एकाने लिहिलं की ते सगळ्या सभासदांना पोचायचं, मग दुसरा उत्तर द्यायचा, तिसरा दोघांचं खोडून काढायचा. अशी ती अठ्ठावीस वर्षं चालली आणि दोन वर्षांपूर्वी बंद झाली. मागे उरलेत एक लाख बारा हजार संदेश. ते गोळा करायचे, दुरुस्त करायचे, दोनदा आलेले काढायचे आणि पन्नास वर्षांनीसुद्धा कुणाला वाचता येतील असे लावून ठेवायचे. थोडक्यात, विद्वानांची भांडणं निवडून बरणीत भरायची. मला असली कामं मनापासून आवडतात.

खोली तळघरात आहे. खिडकी नाही, मोबाइलला रेंज नाही, पण दिवे लख्ख आहेत आणि शांतता अशी की स्वतःचं पोट गुरगुरलेलं ऐकू येतं. पूर्वी इथे नकाशे असायचे. मागच्या अर्ध्या भागात रुळांवर सरकणाऱ्या लोखंडी मांडण्या आहेत, एकमेकींना चिकटलेल्या. बाजूचं चाक फिरवलं की दोन मांडण्या लांब होतात आणि मधे माणूस शिरेल एवढी वाट पडते. आज मी ते चाक काही कारण नसताना दहा वेळा फिरवलं.

विभागप्रमुख मॅडम धावत्या पट्टीसारख्या बोलतात, पण माणूस बरा वाटला. आणि सर. ही यादी सरांनीच सुरू केली, शेवटपर्यंत तेच तिचे नियामक होते. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, निवृत्त आहेत, तरी रोज येतात. नव्या इमारतीला त्यांचंच नाव देणार आहेत म्हणे. मला पाठीला आधार असलेली खुर्ची हवी होती, तर ती त्यांनी स्वतः तीन खोल्या फिरून शोधून आणली. असा साहेब मिळायला नशीब लागतं.

६ सप्टेंबर, गुरुवार

माल तीन ठिकाणांहून आलाय. एक, विद्यापीठाच्या जुन्या टेप. दोन, सरांनी स्वतः नीट लावून ठेवलेल्या डिस्क. तीन, शेहेचाळीस खोकी कागद! यादीवर एक ग्रंथपाल होते, आता हयात नाहीत. त्यांचा पडद्यावर काडीचा विश्वास नव्हता. रोज सकाळी आलेला प्रत्येक संदेश ते छापायचे, भोकं पाडून फाइलला लावायचे. कुणी ‘अभिनंदन’ एवढंच लिहिलं तरी त्याचा वेगळा कागद. हसायला येतं, पण टेपवर जिथे अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरलीत, तिथे यांचे कागद शाबूत आहेत.

सर म्हणाले की कागदांचा पसारा कशाला, माझ्या डिस्क पुरेशा आहेत. मी म्हटलं, ताडून तरी बघते. ते हसले आणि गेले.

सर्व्हर सांभाळणारा दादा येऊन संगणक लावून देऊन गेला. सगळा संग्रह बंद डिस्कवर आहे, बाहेरून त्यात कुणी काही घालू शकत नाही. आत लिहिण्याचा अधिकार फक्त मला आणि सरांना.

११ सप्टेंबर, मंगळवार

आज डोकं तापलंय. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका महिन्यात सरांच्या डिस्कवर अकरा दिवस कोरे आहेत. टेपवरही. ग्रंथपालांच्या खोक्यात मात्र त्या अकरा दिवसांचे दोनशे चौदा कागद आहेत. मी सगळे वाचले. जेवायलाही उठले नाही.

टेकडीवरच्या एका शाळेतल्या शिक्षिका यादीवर नव्यानेच आल्या होत्या. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. सरांचा सर्वांत गाजलेला अभ्यास एका गुहेतल्या वटवाघळांवर होता, ओळीने अकरा वर्षांची मोजदाद. बाईंनी लिहिलं, ही गुहा आमच्या शाळेमागे आहे. दरड कोसळून तिचं तोंड सहा वर्षांपूर्वी बंद झालंय. मग या सहा वर्षांचे आकडे सरांनी कसे काढले, हे कळलं तर मुलांना सांगता येईल.

बस्स, एवढंच. वर दोनदा ‘चूकभूल माफ करावी’ म्हटलेलं.

आणि मग तुटून पडले सगळे. मोठमोठे प्राध्यापक! प्रत्येकाची सुरुवात ‘सविनय’ आणि शेवट ‘आपला नम्र’. मधल्या मजकुरात बाईंच्या चिंधड्या. मास्तरीणबाईंनी पाढे शिकवावेत. मास्तरीणबाईंनी आधी गुहा आणि शाळेचं कोठार यातला फरक समजून घ्यावा. एकाने त्यांचं शुद्धलेखन तपासून गुण दिले, दहापैकी तीन. त्याच्यावर सतरा जण हसले, आणि ते सतरा कागदही ग्रंथपालांनी नीट लावून ठेवलेत. बाकीचे तीनशेऐंशी सभासद वाचत होते. एकानेही तोंड उघडलं नाही.

बाई रोज उत्तर देत होत्या. रोज तितक्याच शांतपणे.

दहाव्या दिवशी सरांचा संदेश आहे. तो जसाच्या तसा उतरवते: “गुहेला पश्चिमेकडून दुसरं तोंड आहे. मी दर वर्षी तिथूनच आत जातो. आमच्या बाईंनी खडू खाली ठेवून एकदा पाय मोकळे करावेत.”

अकराव्या दिवशी बाईंचा: “धन्यवाद सर. हे मला ठाऊक नव्हतं. उद्या शनिवार, अर्धी शाळा. दुपारी जाऊन बघून येते. तोंड सापडलं तर यादीवर सगळ्यांची माफी मागेन.”

पुढे बाईंचा एकही कागद नाही.

१२ सप्टेंबर, बुधवार

त्या शाळेचा नंबर शोधून फोन केला. तिथल्या कारकून बाई जुन्या निघाल्या. त्यांनी सांगितलं. पश्चिमेला गुहेचं तोंड नाही, कधीच नव्हतं. तिथे जमिनीत एक भेग आहे, माणूस आडवा होऊन जेमतेम शिरेल एवढी. बाईंची पिशवी त्या भेगेजवळ सापडली. तीन दिवस लोक हाका मारत होते. पहिले दोन दिवस आतून उत्तर येत होतं, म्हणाल्या. मग नाही आलं.

मी फोन आपटला. भीतीने नाही, संतापाने.

१३ सप्टेंबर, गुरुवार

सरांना विचारलं. तोंडावर. त्यांनी आधी चष्मा पुसला.

म्हणाले, “वादाच्या भरात माणूस लिहून जातो गं. ती खरंच जाईल असं कुणाला वाटलं होतं?”

“म्हणजे दुसरं तोंड नव्हतंच?”

“तू ते कागद वगळ. बाईंच्याही अब्रूचा प्रश्न आहे.”

बाईंच्या अब्रूचा! मी खोलीत आले आणि दोनशे चौदाच्या दोनशे चौदा कागद स्कॅन करून संग्रहात घातले. संध्याकाळ झाली. ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुझा राग रास्त आहे, पण तू तिथे नवीन आहेस. मी म्हटलं, बाईही नवीनच होत्या.

१७ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारी जाताना मोजणी करून गेले होते. आज संग्रहात नऊ संदेश जास्त आहेत. नऊही बाईंच्या पत्त्यावरून. तारखा एकोणीस वर्षांपूर्वीच्याच, पण त्या शनिवारनंतरच्या.

पहिला: “पश्चिमेच्या तोंडातून आत आले. पुढे दोन वाटा आहेत. सर, डावी की उजवी?”

तिसरा: “डावी घेतली. ती मिटत गेली. परत फिरता येत नाही. कुणाला ही गुहा माहीत असल्यास कृपया कळवावे.”

सातवा: “यादीवर कुणी आहे का?”

नववाही तोच.

दादाला बोलावलं. त्याने तासभर तपासलं. डिस्क बंदच आहे, शनिवार-रविवार कुणी शिरलेलं नाही. मशीन म्हातारं झालं की बरळतं, असं म्हणून तो हसला, पण मग पुन्हा एकदा पडद्याकडे बघून, न हसता गेला.

मला वाटलं हे सरांचं काम. मला घाबरवायला. इतकी चीड आली की त्याच फोल्डरमध्ये उत्तर लिहून ठेवलं: “बाई, पश्चिमेला तोंड नाही. तुम्हाला खोटं सांगितलं. आणि यादीवर मी आहे.”

१८ सप्टेंबर, मंगळवार

उत्तर आलंय.

“एवढ्या दिवसांनी कुणीतरी बोललं. आभारी आहे. मग मी कुठून बाहेर येऊ?”

हे सरांचं लिहिणं नाही. त्यांना आभार मानता येत नाहीत.

तीनशेऐंशी माणसांनी जिला वाऱ्यावर सोडलं, तिला मीही सोडू? मी लिहिलं: “इकडे या. मी इथे आहे.”

१९ सप्टेंबर, बुधवार

आज तीन आले. “हवा लागते आहे.” “पायाखाली सपाट फरशी.” तिसरा: “हाताला लोखंड लागलं. गार. उभ्या मांडण्या असाव्यात.”

वाचून मागे वळले. सगळ्यात शेवटच्या दोन मांडण्यांमधे वीतभर फट होती. काल मी सगळ्या मिटवून गेले होते. चाक फिरवून बंद करायला गेले तर आतून दमट चुन्याचा वास आला, आणि त्यात वटवाघळांच्या घाणीचा, डोळ्यांना झोंबणारा. चाक फिरेना. पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखं.

पळत वर आले. उन्हात उभी राहिले. दुपारचे दोन वाजले होते, लोक सायकली लावत होते, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

२० सप्टेंबर, गुरुवार

सरांना हाताला धरून खाली नेलं. म्हटलं, वाचा. तुमच्यासाठी आलंय. तुम्हीच उत्तर द्या. तिला खरं सांगा आणि माफी मागा, एवढंच.

त्यांनी सगळं वाचलं. चेहरा कागदासारखा पांढरा झाला. पाणी मागितलं. मी वर जाऊन आणलं. पाच मिनिटं, फार तर सहा. परत आले तर ते उठून उभे होते, संगणक बंद. म्हणाले, उद्या बोलू.

खोक्यांवर ओल्या मातीचे हात उमटलेत. पहिल्या ओळीपासून चौथ्या ओळीपर्यंत. चाचपडत आल्यासारखे.

मांडण्यांमधली फट आता हातभर.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सरांनी ते बदललं.

पश्चिमेच्या तोंडाचा तो संदेश. संग्रहात आता त्याच्यावर प्रेषक म्हणून माझं नाव आहे. माझा पत्ता. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख आणि माझं नाव! मी तेव्हा शाळेत होते! मी दुरुस्त करायला गेले तर माझा अधिकार काढून घेतलेला.

कालच्या पाच मिनिटांत. पाणी मागून.

बाईंना दिसतं ते फक्त यादीवरचं. त्यांचा आजचा संदेश:

“म्हणजे तुम्ही होतात.”

खाली आणखी एक:

“आता बोलावताही तुम्हीच.”

विभागप्रमुख मॅडमकडे गेले. ओरडले. होय, ओरडले. त्या म्हणाल्या की इमारतीच्या नामकरणाचा समारंभ तोंडावर आलाय, सरांच्या वयाचा विचार कर, तुला विश्रांतीची गरज दिसते. सोमवारी किल्ल्या जमा कर. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही यादीवर होतात का हो तेव्हा? त्यांनी समोरची फाइल मिटली. होत्या. त्या तीनशेऐंशीतल्या एक.

ताई म्हणते, सामान राहू दे, आज निघून ये. पण ग्रंथपालांचे कागद खाली आहेत. सरांचं नाव असलेला तो एकच कागद उरलाय जगात. तो मी त्यांना जाळू देणार नाही. सोमवारी सकाळी जाईन, उजेडात, दोन मिनिटांत घेऊन येईन.

२४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी दहा चाळीस

दार बाहेरून लावलं.

मी खोकं उघडत होते. कडी ऐकली. मग दिवे गेले. मुख्य बटण बाहेरच आहे. दार बडवलं, हाका मारल्या. पलीकडून सरांचा आवाज आला, अगदी हळू: “थोडा वेळच लागेल. मग सगळं शांत होईल.”

पुन्हा तेच. पुन्हा एका बाईला अंधारात घालून वर आपण नामानिराळे. अहो, किती जणी?

मोबाइलच्या उजेडात लिहिते आहे. बॅटरी अकरा टक्के. ताई, वही तुला मिळाली तर

दहा पन्नास

चाक फिरतंय. आपोआप. रुळांचा आवाज.

कागद सापडला. छातीशी धरलाय.

वास — डोळ्यांतून पाणी येतंय.

दहा पंचावन्न

आल्या. तिसऱ्या आणि चौथ्या मांडणीच्या मधे. उंची माझ्याएवढी, पण वाकून — आडवं होऊन खूप दिवस सरपटलेलं माणूस उभं राहिलं की — बोटं टोकापर्यंत उरलेली नाहीत. चेहऱ्यावर उजेड टाकवत नाही. टाकला. डोळ्यांच्या जागी चुना बसलाय. पांढरा, घट्ट.

म्हणजे कागद दाखवून उपयोग नाही.

मी सांगितलं, मी नाही. मी नव्हते. त्या पुढे आल्या. पुन्हा सांगितलं. माझं मनगट धरलं. उजवं. डाव्या हाताने लिहिते आहे — गार, आणि पकड — हाड

दाराखालच्या फटीतून उजेड येतोय. त्यात सरांचे बूट दिसतात. उभे आहेत. ऐकताहेत. संपायची वाट बघताहेत.

मी म्हटलं, बाई, कागद आहे. खरा. छापलेला.

पहिल्यांदा बोलल्या. वर्गात बोलावं तसं, स्पष्ट.

“उभी राहा. मोठ्याने वाच.”

अकरा

वाचलं. प्रेषक, तारीख, वेळ. पश्चिमेचं तोंड. खडू खाली ठेवून. सगळं. बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मनगट सुटलं.

त्या दाराकडे वळल्या आहेत.

बूट अजून तिथेच. त्यांना वाटतं दार बंद आहे. ओरडून सांगायला हवं, सर, पळा — एक शब्द पुरेल —

नाही. नाही सांगणार. मलाही बसू दे गप्प. आम्ही तीनशे एक्क्याऐंशी.

दोन टक्के.

दार आतून उघडत नाही. पण बाईंनी त्यावर हात ठेवला आणि कडी